दाजींचा उजवा हात

फोन आला तेव्हा माझा उजवा हात खांद्यापर्यंत गाईच्या पोटात होता. मी गुरांचा डॉक्टर. नेसरीच्या अलीकडच्या एका वस्तीवर गाय अडली होती. वासराची मान मागं वळली होती आणि मी ती चाचपडत पुढं आणायचा प्रयत्न करत होतो. गाय ओरडत होती, लाथा झाडत होती. मालकानं माझ्या खिशातला फोन काढून माझ्या कानाला लावला. पलीकडून अक्काचा, माझ्या थोरल्या बहिणीचा आवाज... "बाळ्या, दाजींना मारलं रं. डोकं फुटलंय. ये लवकर." माझ्या तोंडून एकच नाव निघालं, "रणजित?" ती म्हणाली, "न्हाय रं, त्यो तुरुंगात हाय की. दुसरीच पोरं. कोण ती ठावं न्हाय." दोरी लावून मालकानं आणि मी वासरू ओढलं, गाईनं हंबरडा फोडला आणि मी रक्तानं माखलेला हात बादलीत बुचकळून तसाच गाडीत बसलो. ते वासरू जगलं की मेलं, हे मी त्या मालकाला अजून विचारलेलं नाही.

मिलिंददाजी दुसऱ्या दिवशी दुपारी गेले. शुद्धीवर आलेच नाहीत. आता काही आठवडे लोटलेत. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला माणसं खूप आली, बोलली. शांत स्वभावाचा माणूस, कधी कुणाला दुखावलं नाही, असं तीन-चार जणांनी तरी सांगितलं. अक्का खाली मान घालून ऐकत होती. मध्येच माझ्याकडं वाकून म्हणाली, "ही कुणाबद्दल बोलाय लागलीत रं?" खरंच आहे. दाजी शांत नव्हते. त्यांचा राग कोल्हापूरच्या अख्ख्या राजारामपुरीला माहीत होता. मेलेल्या माणसाला शांत करून टाकायची आपल्याकडं घाई असते... ती मला करायची नाही, म्हणून हे लिहितोय.

त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते कळफलक बडवताना. अक्का राजारामपुरीत एका क्लासमध्ये गणित शिकवायची आणि त्याच इमारतीत वरच्या मजल्यावर दाजींचं ऑफिस होतं. "तुला एका माणसाला भेटवायचंय," एवढंच सांगून तिनं मला वर नेलं. आत एक काळासावळा, रुंद खांद्यांचा माणूस दोन्ही तळहातांनी कळफलकावर थापा मारत होता, भाकरी थापल्यासारख्या. मग मूठ आपटली. एक बटण उडून माझ्या पायाशी आलं. मी दारातच थांबलो. त्यांनी वर पाहिलं आणि म्हणाले, "या पावणं, बसा. मी रागात न्हाय, कामात हाय."

ते काम मला कळायला बराच काळ गेला. चालू प्रोग्रॅम मध्येच थांबवून, त्याच्या आत काय बिघडलंय ते बघायचं एक हत्यार असतं, त्याला डीबगर म्हणतात. दाजी ज्याच्यावर काम करत त्या डीबगरला ना चित्रं होती ना माऊस. काळ्या पडद्यावर, म्हणजे टर्मिनलवर, हुकूम टाइप करायचा आणि तो खालच्या ओळीत उत्तर देणार. देशोदेशीची माणसं मिळून तो बनवत होती. त्यातला एक किचकट कोपरा दाजींच्या वाट्याला आला होता. माणूस बटणांवर जे काही मारेल, ते डीबगरनं नीट झेललं पाहिजे. धावता प्रोग्रॅम थांबवायची खूण दाबली तर प्रोग्रॅम थांबावा, डीबगर स्वतःच मरू नये. आणि मेलाच, तर जाताना पडदा मुका करून जाऊ नये. तसं होतं म्हणे. आपण टाइप करत राहतो आणि एकही अक्षर दिसत नाही. "पण एवढं बडवायचं कशाला?" मी विचारलं. दाजी हसले. "एखाद्याचा प्रोग्रॅम कोसळलेला असतोय, साहेब डोक्यावर उभा असतोय, नोकरी जायची पाळी आलेली असतीय. तवा त्यो मानूस हळूच बटण दाबंल व्हय? त्यो बडवणार. मग मीबी बडवूनच बघाय पायजे की."

ते नेसरीचे. घर बौद्ध, आजोबांच्या पिढीपासून. वडील लवकर गेले, आई दुसऱ्याच्या रानात राबायची. तिची एक गोष्ट ते पुन्हा पुन्हा सांगायचे. गल्लीत एकजण बायकोला काठीनं मारत होता आणि माणसं दारादारांतून बघत होती. दाजींची आई डोक्यावरचा भारा खाली टाकून मध्ये जाऊन उभी राहिली. पुढची काठी तिच्या पाठीवर बसली. ती हलली नाही, "मार की, मार अजून," म्हणाली. तेव्हा शाळकरी वयाच्या दाजींनी दगड उचलला आणि त्या माणसाचे पुढचे दात पाडले. नंतर कितीतरी दिवस मायलेकांना मावशीच्या गावी लपून राहावं लागलं. "आईनं अंगावर घेतलं, मी दगड घेतला," दाजी म्हणायचे, "दोनी बी लागतंय, पावणं."

अक्कानं त्यांच्याशी लग्न करायचं ठरवलं तेव्हा आमच्या घरात भांडी फुटली. आमची पंचक्रोशीत शेती, दूध, मानपान. तात्यांनी, माझ्या वडिलांनी, तिचं नाव घ्यायचं बंद केलं. चुलते दारात उभे राहून ओरडले आणि त्यांचा मुलगा रणजित म्हणाला, "त्यो गावात दिसला तर तोडतो." नोंदणी कार्यालयात आमच्याकडून मी एकटाच गेलो, साक्षीदार म्हणून सही केली. तिथून आम्ही तिघं नृसिंहवाडीच्या रस्त्याला लागलो. देवळासाठी नव्हे, अक्काला तिथला पेढा हवा होता म्हणून. संगमावर पाण्यात पाय सोडून बसलो. मी रणजितची धमकी सांगितली. दाजी पाण्याकडं बघत म्हणाले, "येऊ दे. मीबी काय हळदीकुंकू घेऊन उभा ऱ्हाणार न्हाय."

तो आला... काही वर्षांनी. तात्यांना पक्षाघात झाला होता. एक बाजू गेली होती, वाचाही गेल्यात जमा होती. एका सकाळी त्यांनी मला जवळ ओढून अक्काचं नाव घेतलं. मी दोघांना गावी बोलावलं. दाजी तात्यांच्या उशाशी बसले, तात्यांनी त्यांच्या मनगटावर आपला चालता हात ठेवला आणि बराच वेळ काढलाच नाही. मग दाजी हात धुवायला अंगणात आले. रणजित रानातून थेट आला होता, हातात उसाचा कोयता. तो काही बोललाच नाही. धमकी वगैरे तेव्हा देतात जेव्हा मारायचं नसतं. पहिला वार डोक्यावर होता. दाजींनी उजवा हात वर केला. मी गोठ्याच्या दारात होतो. आवाज मला ओळखीचा वाटला, ओल्या उसाच्या कांडीचा असतो तसा. तीन बोटं मातीत पडली. दुसरा वार खांद्यात बसला. मी दावणीची लोखंडी खुंटी उपसून रणजितच्या मांडीवर घातली, तो कोलमडला आणि त्यानंतर जे झालं ते आमच्या शेजाऱ्यांनीही कोर्टात सांगितलं. दाजींनी त्याला लाथेनं आडवा केला, छातीवर बसले आणि त्या फुटक्या, रक्ताच्या चिळकांड्या उडणाऱ्या हातानं त्याच्या तोंडावर मारत राहिले. रणजितचा चेहरा दाजींच्याच रक्तानं भरला. मी आणि अक्कानं मिळून त्यांना ओढून काढलं.

गुरांची शीर बांधायची रबरी नळी माझ्या गाडीत होती, तीच त्यांच्या दंडाला आवळली. बोटं अक्कानं वेचली. लाळ्या-खुरकुताच्या लसी ठेवायची बर्फाची पेटी होती, लसी उकिरड्यावर फेकून तिच्यात बोटं ठेवली आणि मी गाडी कोल्हापूरकडं पळवली. दाजी मागच्या सीटवर शिव्या देत होते, पूर्ण रस्ताभर, रणजितला, मला, खड्ड्यांना. ते गप्प झाले की अक्का त्यांना चिमटा काढायची. बोटं जुळली नाहीत. अंगठा उरला आणि शेजारचं एक बोट, तेही काठीसारखं ताठ.

नंतरचे महिने वाईट होते. दाजींनी घरातला आरसा फोडला, दोन कळफलक भिंतीवर फेकले. त्यांच्या कामात माणसाची दहा बोटं हेच यंत्र होतं. एंटर, खोडायचं बटण, वरखाली न्यायचे बाण, सगळं उजवीकडं. डीबगर बनवणाऱ्या परदेशातल्या मंडळींचं म्हणणं होतं की टर्मिनलवरची ही तपासणी हातानंच होते. यंत्राकडून करून घेतली तर ती आज पास होते, उद्या उगाच नापास. दाजींनी ती यंत्राकडूनच करून घ्यायचं ठरवलं. संगणकाच्या आतच एक खोटा पडदा आणि खोटा कळफलक उभा करायचा. डीबगरला वाटलं पाहिजे, समोर माणूस बसलाय. त्या खोट्या माणसानं बटणं दाबायची, पडद्यावर काय उमटलं ते वाचायचं आणि चुकलं तर बोंब मारायची.

हे लिहायला हात अक्काचे होते. दाजी सांगणार, ती टाइप करणार. मी गेलो की त्या फ्लॅटच्या जिन्यातच भांडण ऐकू यायचं. ती चांगलं टाइप करायची, पण यंत्रातल्या त्या खोट्या माणसाची बोटं मात्र चुकत होती. हुकूम कधी वेळेआधी पोहोचे आणि हरवून जाई, कधी अर्धाच पोहोचे. दाजी अंदाजानं थांबायची वेळ वाढवत होते, कमी करत होते आणि प्रत्येक वेळी टेबलावर डावी मूठ आपटत होते. एका दुपारी त्यांनी स्टीलचा तांब्या फेकला, तो अक्काच्या कानाजवळून गेला. ती उठली नाही, रडलीही नाही. म्हणाली, "पुन्यांदा फेकला तर मी तुमचं दुसरं बोट मोडीन. आणि एक सांगू? तुमचं मशीन तुमच्यासारखंच हाय. समोरच्याचं ऐकून घेत न्हाय. त्यो बोलून संपला, गप झाला, की मग आपण बोलावं. घड्याळ कशाला बघायचं?" दाजींनी आपली खुर्ची तिच्या शेजारी ओढली. मग म्हणाले, "वैशाली, टाइप कर." डीबगर हुकुमाची वाट बघत असला की ओळीच्या सुरुवातीला एक छोटी खूण दाखवतो. घड्याळ सोडून त्या खुणेची वाट बघायची, ती दिसली की मगच पुढचं बटण. अंधार पडेस्तोवर दोघं करत बसली. मी चहा केला, तो गार झाला. यंत्र एकदाही चुकलं नाही. तांब्याबद्दल दाजींनी माफी मागितल्याचं मी ऐकलं नाही. दुसऱ्या दिवसापासून घरात काही फेकलं गेलं नाही, एवढं मात्र अक्का सांगते.

मग खटला उभा राहिला. माझी साक्ष ज्या दिवशी होती त्या दिवशी सकाळी गोठ्यात गेलो तर माझी म्हैस मागच्या पायांवर बसलेली. दोन्ही पायांच्या मोठ्या शिरा तोडल्या होत्या. ती उठायचा प्रयत्न करत होती आणि पुन्हा पुन्हा बसत होती. कुणी केलं हे सिद्ध झालं नाही. मी तिला स्वतःच्या हातानं इंजेक्शन दिलं, तिचे डोळे मिटेपर्यंत थांबलो, अंघोळ केली आणि कोर्टात जाऊन चुलतभावाच्या विरोधात जे पाहिलं ते सगळं सांगितलं. बाहेर चुलते माझ्या पायांपुढं थुंकले.

दाजींच्या उलटतपासणीत आरोपीच्या वकिलांनी एक व्हिडिओ पुढं केला. इंटरनेटवर दाजींच्याच नावानं ठेवलेला, सगळ्यांना बघायला खुला. काळ्या पडद्यावर हुकूम धडाधड टाइप होत होते, खोडले जात होते, पुन्हा उमटत होते. "तुम्ही पोलिसांना सांगितलंत, उजव्या हातानं टाइप करता येत नाही. हे मग काय आहे? दहा बोटांच्या माणसाला हा वेग जमणार नाही. साक्षीदार हाताबद्दल खोटं बोलतो, तसंच वाराबद्दलही बोलत असेल."

दाजी म्हणाले, "त्यो मी न्हाय. ती टेस्ट हाय. मशीन टाइप करतंय." कोर्टात हशा पिकला. त्यांनी पिशवीतला लॅपटॉप दाखवायची परवानगी मागितली. न्यायाधीश बाई होत्या, त्यांनी दिली. दाजींनी टेस्ट सुरू केली आणि दोन्ही हात वर धरले, पोलिसांपुढं धरतात तसे. पडद्यावर अक्षरं आपोआप उमटत गेली. वकील म्हणाले, "ही फिल्म असेल. हे नाटक आहे."

"नाटक?" दाजी ओरडले आणि पिंजऱ्यातून खाली उतरले. शिपाई धावला. मला वाटलं, झालं, आता हा माणूस वकिलाला मारणार आणि खटला इथंच संपणार. मागच्या बाकावरून अक्काचा आवाज आला, फार मोठा नाही. "अहो." दाजी थांबले. परत जाऊन उभे राहिले. त्यांची छाती वरखाली होत होती.

न्यायाधीश म्हणाल्या, "आता तुम्ही टाइप करा. उजव्या हातानं. 'मी खोटं बोलत नाही', एवढंच." दाजींनी तो हात कळफलकावर ठेवला. ताठ बोट एका बटणावर न्यायचं तर दोन दाबली जायची. खोडायचं. पुन्हा. अंगठा लांबवताना हात थरथरायचा. मनगटावरचे व्रण लाल झाले, कपाळावरचा घाम बटणांवर पडला. पहिला शब्द झाला, दुसरा अर्धा झाला आणि त्या म्हणाल्या, "राहू द्या. दिसलं मला." दाजी थांबले नाहीत. "न्हाय मॅडम. पुरं करतो." आणि त्यांनी पुरं केलं. सगळ्यांनी वाट बघितली, वकिलांनीही. मी रणजितकडं पाहिलं. तो त्या हाताकडं बघत होता. पश्चात्ताप वगैरे काही दिसला नाही मला. आपण काय केलं ते त्यानं बहुतेक पहिल्यांदाच नीट पाहिलं, एवढंच.

रणजितला शिक्षा झाली. निकालाच्या संध्याकाळी मी पेढे नेले तर दाजींनी डबा उघडलाच नाही. "पावणं, त्यो आत गेला म्हणून माझी बोटं उगवणार न्हाईत. ठेवा तिकडं." नंतरची दोन-अडीच वर्षं मात्र बरी गेली. टेस्ट वाढत गेल्या, परदेशातली माणसं त्यांना विचारून बदल करू लागली. तात्या गेले तेव्हा दाजी गावी आले, अंत्ययात्रेत मधोमध चालले आणि कुणी काही बोललं नाही.

शेवट कसा झाला ते पुण्यानुमोदनाला आलेल्या एका रिक्षावाल्या काकांनी सांगितलं. त्यांना हुंदका आवरत नव्हता. "सकाळची येळ. माझी रिक्षा त्यांच्या गाडीला जराशी घासली. चार पोरं हुती. मला बाहेर वढलं, हेल्मेटनं हाणाय लागली. दुकानं उघडी, माणसं उभी, कोण मधी पडंना. ह्यो माणूस स्कूटर लावून आला. पयल्यांदा हात जोडलं त्यानं, देवाशपथ. एका पोरानं हात बघितला न् हसलं. म्हणालं, बोटं न्हाईत न् मारामारी कराय आलाय. मग त्यानं त्याच हातानं ठेवून दिली. पोराचं नाकच फुटलं. मला म्हणाला, काका, पळा. मी पळालो न्हाय... पण हुबा राहून काय केलं मी?" दुसऱ्या पोरानं मागून हेल्मेट घातलं, कानशिलावर. दाजी पडले ते फूटपाथच्या कडेवर.

त्या पोरांना पकडलं. मी त्यांना पाहिलं. त्यांना दाजी कोण, कुठले, कुणाचे, काही माहीत नव्हतं. रणजितचा मला वर्षानुवर्षं राग करता आला, त्याचं तोंड मला झोपेतही दिसायचं. ह्या पोरांचे चेहरे मी घरी येईपर्यंत विसरलो. कोयत्याच्या वारातून वाचलेला माणूस एका हेल्मेटनं गेला आणि मारणाऱ्याच्या मनात त्याच्याविषयी काहीच नव्हतं... हे मला कुठं ठेवावं ते अजून कळत नाही. हातांच्या कधी कधी आपोआप मुठी वळतात. गुराला सुई टोचताना मी दोनदा जोरात टोचली, मालक बघत राहिला.

मागच्या आठवड्यात अक्काबरोबर दाजींच्या ऑफिसात गेलो, त्यांचं सामान आणायला. भर दुपार होती. त्यांच्याबरोबर काम करणारी नीलोफर एका खोक्यात चष्मा, डबा, स्वेटर असं भरत होती. अक्का त्यांच्या टेबलावरून हात फिरवत उभी होती. तेवढ्यात खोलीत दाजी ओरडले.

"ए! कुणी हात लावला रं?"

माझ्या हातातला डबा पडला. कोपऱ्यातल्या संगणकाच्या स्पीकरमधून तो आवाज आला होता, रागावलेला, खणखणीत, अगदी तोच. नीलोफर पांढरीफटक पडली. "सॉरी वहिनी... सरांनीच लावून ठेवलंय. जगात कुठंही कुणी डीबगरमध्ये बदल केला न् त्यानं टेस्ट मोडली, की सरांचा आवाज येतो. आम्ही काढला न्हाय. काढवला न्हाय. बंद करू का?"

अक्कानं मानेनंच नको म्हटलं. पुन्हा आवाज आला, "कुणी हात लावला रं?" कुणीतरी बघेपर्यंत तो असाच येत राहतो म्हणे. अक्का त्या संगणकापाशी गेली. पदर खोचला. कोर्टात बोलली होती तेवढ्याच आवाजात बोलली.

"अहो, ओरडू नका. माणसं हाईत हितं. बघतात ती."

नीलोफरनं डोळे पुसले आणि काय मोडलंय ते बघायला खुर्ची ओढून बसली.